बारा किलो साडेचारशे ग्रॅम

आज सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरची यूएटी होती, म्हणजे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी घ्यायची शेवटची चाचणी. त्याआधीच्या आमच्या चाचण्या, युनिट टेस्टिंग, इंटिग्रेशन, सिस्टीम टेस्टिंग, सगळं पास. मला वाटलं, दुपारपर्यंत मंजुरीची सही घेऊन घरी.

संगणकासमोर बसले तिथले जुने दिवाणजी. घरी तेलुगू, कामावर मराठी, हिशेब मात्र बोटांवर. मी छापून नेलेल्या टेस्ट केसेस त्यांनी बाजूला सारल्या आणि कालचं खरं चलन काढलं. पहिल्याच ओळीत टाकलं १२.४५०. स्क्रीन लाल!

"काका, इथे नग टाकायचे."

"नग कशाला? आमचा टॉवेल किलोवर जातो की ओ."

करासाठीचा मालाचा एचएसएन कोड ६३०२, जीएसटी, गोल बेरीज, सगळं बरोबर होतं. फक्त माल विकता येत नव्हता. आमच्या टेस्टरनेही नगच टाकले होते, कारण रिक्वायरमेंटमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय हवं त्या कागदात, नुसतं 'क्वांटिटी' लिहिलेलं. लिहिणारा मीच, तेही पुण्यात एसीत बसून.

मग त्यांनी विचारलं, "सेकंडचा माल कुठं टाकायचा?" थोडा दोष असलेल्या त्या मालाला तर रकानाच नव्हता.

सहा दोष निघाले, त्यातले दोन गंभीर. सही अर्थातच नाही. मालक वैतागले, दिवाणजी मात्र खुशीत. जाताना त्यांनी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुढे केली. "आता पुढच्या वेळी वजनकाटा बघूनच या, साहेब."

उद्या सकाळी दहाला परत जातोय. आधी काट्याजवळ उभा राहणार.