हेदवीच्या कातळावर नळीतल्या कृमींच्या वसाहती

साताऱ्याहून गुहागर तालुक्यातील हेदवीला जाणारे बहुतेक जण दशभुज लक्ष्मीगणेशाचे दर्शन घेतात आणि भरतीच्या वेळी बामणघळीत उसळणारे पाणी पाहून परततात. आम्हाला मात्र ओहोटी गाठायची होती, कारण नळ्या बांधून राहणारे समुद्री कृमी पाहायचे तर कातळ उघडा पडलेला असावा लागतो. उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, शृंगारतळी हा रस्ता सोयीचा आहे. मुक्कामाला आदल्या दिवशीच पोहोचावे.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची ढोबळ वेळ मिळते. तृतीयेला दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी आठच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या या उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत मागे हटते, म्हणून सहल तेव्हाच आखावी. नेमकी वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी.

हे प्राणी गांडुळाच्याच वलयी संघातले. काही जाती लाटांनी घुसळलेल्या पाण्यातून वाळूचे कण वेचून, अंगातून स्रवणाऱ्या प्रथिनयुक्त चिकट द्रवाने ते सांधत नळी उभारतात. त्यांच्या अळ्या जुन्या नळ्यांजवळच ठाण मांडत असल्याने पोळ्यासारखे थर वाढत जातात. दुसऱ्या जाती चुनखडीच्या पांढऱ्या, नागमोडी नळ्या स्रवतात. त्या कपारींच्या सावलीत आणि कालवांच्या शिंपल्यांवर शोधाव्यात.

कोरड्या नळ्या पाहून निराश होऊ नये. खरी गंमत कातळातल्या डबक्यात आहे. तिथे उकिडवे बसून स्तब्ध राहिल्यावर एकेका नळीच्या तोंडातून पिसांसारखा नाजूक तुरा बाहेर येतो. पाण्यातले सूक्ष्म अन्नकण त्यानेच गाळले जातात आणि श्वसनही त्यानेच होते. हाताची सावली पडताच सगळे तुरे क्षणात आत ओढले गेले आणि काही नळ्यांच्या तोंडाशी बुचासारखे झाकण तेवढे उरले. त्यामुळे सूर्याकडे तोंड करून बसावे, म्हणजे सावली मागे पडते.

वाळूच्या नळ्या वरून टणक वाटल्या तरी पावलाखाली भुगा होतात, त्यामुळे उघड्या कातळावरूनच चालावे आणि तळव्याला पकड असलेले बंद बूट घालावेत. कालवांच्या कडा पाय कापतात. बामणघळीत ओहोटीलाही उतरू नये, तिच्या भिंती काठावरून दुर्बिणीने पाहाव्यात. पावसाळ्यात हा बेत आखूच नये. तक्त्यातल्या ओहोटीच्या तासभर आधी कातळावर पोहोचावे आणि पाणी वळू लागताच किनाऱ्याकडे निघावे.