टेस्ला कॉइलचा स्पार्क गॅप लागला!

टेस्ला कॉइल म्हणजे हवेत विजा सोडणारं उच्च व्होल्टेजचं यंत्र, आणि स्पार्क गॅप म्हणजे त्यातली ठिणगी पडायची फट, जी स्विचसारखं काम करते. आजचा रविवार गॅलरीत, या स्पार्क गॅपपाशी गेला. निऑन बोर्डाचा जुना 9 हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, तांब्याच्या जाड नळीचे पाच तुकडे शेजारी शेजारी, आणि त्यांच्यामध्ये चार फटी. प्रत्येक फट अर्धा मिलिमीटर, गॅरेजवाले वापरतात त्या फीलर गेजने मोजून लावलेली. एकच मोठी फट का नाही ठेवली? कारण ठिणगी पडणं सोपं, ती वेळेत विझणं अवघड. विझली नाही तर सेकंडरीत, म्हणजे वीज बाहेर सोडणाऱ्या दुसऱ्या गुंडाळीत गेलेली ऊर्जा परत पहिल्या, प्राथमिक गुंडाळीत येते आणि कॉइलची वीज बारीक पडते. तांबं उष्णता ओढून घेतं, वर पंख्याचा झोत, म्हणून चारही फटी पटकन थंड होतात.

आधी कॅपॅसिटर (वीज साठवून एकदम सोडणारा भाग) न जोडता नुसता गॅपच ट्रान्सफॉर्मरवर तपासला. हे फार महत्त्वाचं आहे, कारण फट जास्त झाली तर व्होल्टेज चढत जातं आणि कॅपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर फुटतो. मग कॅपॅसिटर जोडले. पंखा बंद असताना पिवळट, आळशी ज्वाळ आणि घरघर. पंखा लावताच पांढरीनिळी ठिणगी, कान बधिर करणारा कडकडाट, ओझोनचा उग्र वास! काय आनंद झाला सांगू!

कोणी करणार असाल तर कृपा करून ऐका: ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, अतिनील किरणं असतात. आणि स्विच बंद केल्यावरही कॅपॅसिटर शॉर्ट केल्याशिवाय हात लावू नका, जीव जातो.

पुढच्या रविवारी प्राथमिक गुंडाळीचं ट्यूनिंग.