लेबलवर मिरी, ग्लासात काय?

गोव्यात बनणाऱ्या जिनच्या बाटल्यांवर हल्ली अख्खा मसाल्याचा डबा छापलेला असतो. 'स्ट्रेंजर अँड सन्स'मध्ये मिरी, जायपत्री, जायफळ, ज्येष्ठमध, लिंबूवर्गीय साली. 'हापुसा'मध्ये हिमालयातला जुनिपर (जिनला तिचा मूळ वास देणारं बोरासारखं छोटं फळ), हळद, धणे, वेलची, बदाम. यादी वाचून चव शोधायला गेलं की हमखास फसायला होतं, कारण जिन बनते ती मसाले स्पिरिटबरोबर तापवून, त्याची वाफ थंड करून, आणि यातलं बरंच काही वाफेबरोबर वर येतच नाही.

मिरीचा तिखटपणा तिच्यातल्या पायपरीन या द्रव्याचा. ते भांड्यातच राहतं, वर येतो तो फक्त वास. जीभ चुरचुरली तर ते काम अल्कोहोलचं. हळदीचा रंगही मागेच राहतो. ग्लासात उतरतो तो मातकट, लाकडासारखा गंध. ज्येष्ठमधाची गोडी आणि कोकमाचा आंबटपणा यांचंही तेच. त्यामुळे कोकमाची जिन खरोखर आंबट लागली, किंवा गोकर्णीची निळी जिन टॉनिक (क्विनीन घातलेलं कडवट सोडापेय) ओतताच गुलाबी-जांभळी झाली, तर ते घटक नंतर घातलेत असं समजावं. यात गैर काही नाही, पण अशा बाटलीला 'लंडन ड्राय' म्हणता येत नाही. युरोपच्या नियमांनुसार त्या प्रकारात गाळून झाल्यावर चव किंवा रंग घालता येत नाही आणि साखर लिटरला ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

चाखायला तोंडाशी निमुळता होणारा छोटा ग्लास घ्या. जिन २५ मिली, फ्रिजमधली नको, बर्फही नको. थंडीत वास दबतो आणि वाईट जिनचे दोषही लपतात. ग्लास नाकाच्या जरा खाली धरून, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. नाक ग्लासात खुपसलं तर नुसतं स्पिरिट झोंबतं. आधी लिंबू-संत्र्याच्या साली येतात, मग जुनिपरचा चीडाच्या (पाइनच्या) झाडासारखा वास आणि धणे, मसाले नि मुळं सगळ्यात शेवटी. एक घोट नुसता घ्या, मग तेवढंच साधं पाणी घाला: ४२.८ टक्क्यांची जिन २१.४ वर येते आणि दबलेले वास सुटतात. पाण्याने ती थोडी दुधाळ झाली तर घाबरू नका. अल्कोहोल कमी झाल्यावर तेलं विरघळलेली राहत नाहीत, इतकंच. उलट तेल भरपूर असल्याची ती खूण आहे.

दोष इथेच उघडे पडतात. नेलपॉलिशचा वास म्हणजे गाळताना सुरुवातीला येणारी धार नीट वेगळी काढली नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर शेवटची धार वेगळी काढायला उशीर झाला. मुरंब्यासारखा शिजका वास आला तर नाजूक साली थेट स्पिरिटमध्ये उकळल्या असण्याची शक्यता जास्त. त्या वाफेच्या वाटेत टोपलीत ठेवल्या तर ताज्या राहतात. वेलची किंचित जास्त झाली तरी बाकी सगळं गिळून टाकते. जुनिपर शोधूनही सापडत नसेल, तर माझ्या लेखी ती जिन नव्हे, मसाल्याची व्होडका.

शेजारी एखादी साधी लंडन ड्राय ठेवा आणि थोडे धणे, जुनिपर ठेचून वाटीत घ्या. आलटून पालटून हुंगलं की वासाचं नाव बिनचूक सुचतं. शेवटी ३० मिली जिनला ६० मिली साधं टॉनिक. लिंबू अजिबात पिळायचं नाही, नाहीतर चाखाल ते लिंबूच. क्विनीनच्या कडूपणातही खास घटक ओळखू आला, तर बाटलीची वाढीव किंमत पटते.