नर्सिंग सोडलेली कॅचर

"मला नर्सिंगला जायचं होतं. पण क्लिनिकल्स (हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष शिक्षण) आणि प्रॅक्टिस एकाच वेळी यायचे, मग मेजर (मुख्य विषय) बदलला." आज अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या भेटीत तिथल्या सॉफ्टबॉल टीमची कॅचर माझ्या लेकीला सहज म्हणाली. शेजारी उभ्या असलेल्या कोचनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

लेक अकरावीत आहे. डिव्हिजन वनचे (कॉलेज खेळांतल्या सर्वात वरच्या गटाचे) कोच १ सप्टेंबरपासून तिच्याशी थेट बोलू शकतात, तेव्हापासून घरात तुलनाच चालू आहे. ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीच्या टीमची २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदं, कुठला पिचिंग कोच चांगला, स्कॉलरशिप किती. (डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी ती नसतेच.)

पण तिला बायॉलॉजी घ्यायचंय. सामने फेब्रुवारी ते मे, म्हणजे स्प्रिंग सेमिस्टर बराचसा प्रवासात. लॅब कधी करायची?

यापुढे प्रत्येक कोचना मी आधी हेच विचारणार: तुमच्याकडे सायन्स घेतलेल्या किती मुली शेवटपर्यंत सायन्समध्येच राहिल्या? बॅटिंगचे आकडे वेबसाइटवर मिळतात, हा आकडा मला अजून कुठे दिसलेला नाही.

तुमच्यापैकी कुणाची मुलगी अमेरिकेत कॉलेजकडून खेळते का? लॅब आणि प्रॅक्टिस कसं जमवते ती?