आमची वाटचाल: सॉफ्टनर ते पीफास

कुपवाड एमआयडीसीत पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरवर आणि लोह काढणाऱ्या आयर्न फिल्टरवर आमचं दुकान उभं राहिलं. ती वर्षं सुरळीत गेली. कस लागला तो तासगावच्या एका बेदाणा निर्यातदार शेठच्या कामात. युरोपातल्या खरेदीदाराने बेदाणा धुण्याच्या बोअरच्या पाण्याचा पीफास (सहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं) रिपोर्ट मागितला होता. तिकडच्या पेयजल नियमात 20 पीफासची बेरीज लिटरला 100 नॅनोग्रॅमच्या आत लागते.

ऑर्डर आधी एका स्पर्धकाने पाडलेल्या दरात उचलली. एकच 1465 वेसल (14 इंच रुंद, 65 इंच उंच टाकी), नारळाच्या करवंटीचा सक्रिय कार्बन आणि कोटेशनवर ठळक ‘आयोडीन व्हॅल्यू 1000’. हा आकडा कार्बन किती आयोडीन शोषतो ते सांगतो. पण आयोडीनचा रेणू लहान, बारीक छिद्रांतही मावतो. पीएफओएस या पीफासच्या लांब साखळीला आत शिरायला मोठ्या वाटा लागतात, म्हणून दगडी कोळशाचा कार्बन बहुधा जास्त टिकतो. शिवाय ताशी 2 घनमीटर पाण्याला 100 लिटर कार्बन म्हणजे संपर्क जेमतेम 3 मिनिटं. कार्बनला 10 तरी हवीत, म्हणजे साधारण 333 लिटर. प्लांट फसला आणि बाजारात बोलबाला झाला, ‘कार्बनने पीफास जात नाही’. आमची हातातली कामं त्यापायी गेली. हे अजून खुपतं.

शेठनी मात्र आमच्यावर भरवसा टाकला. आम्ही दोन 2472 वेसल (24 इंच रुंद, 72 इंच उंच) एकामागे एक लावल्या, 12×40 मेशचा (दाण्याचं माप) कार्बन रात्रभर भिजवून, काळं पाणी थांबेपर्यंत बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं) देऊन. पहिल्या वेसलच्या आउटलेटला पीफास दिसलं की माल बदलायचा आणि दुसरी पुढे घ्यायची. ताणत बसलात तर लांब साखळ्या आखूड साखळ्यांना ढकलून देतात. मग आउटलेटला आखूड साखळीचं पीएफबीए इनलेटपेक्षाही जास्त येतं.

पीफासच्या खास रेझिनला (रसायन धरून ठेवणारे बारीक मणी) 3 मिनिटं पुरतात, आखूड साखळीचं पीएफबीएसही ते चांगलं धरतं. पण आपल्या बोअरला खताचं नायट्रेट असतं, ते आणि सल्फेट जागा अडवतात. क्लोरीन तर रेझिन खातंच. म्हणून रेझिन कार्बनच्या मागे, मधे 5 मायक्रॉनचं गाळणीचं कार्ट्रिज.

सॉफ्टनरवाल्या पोरांना एक सांगून ठेवतो: मिठाने हे रेझिन ताजं होत नाही. नायट्रेट निघतं, पीएफओएस तसंच राहतं. सॅम्पलच्या नळाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका (तीही पीफासचीच), बाटली पॉलीप्रोपिलीनचीच घ्या. आणि वापरलेला कार्बन शेतात टाकू नका, भट्टीला विकू नका. तो अधिकृत घातक कचरा केंद्राकडेच जायला हवा. त्याचा खर्च कोटेशनमध्ये पहिल्याच दिवशी लिहा.