दोष कच्च्या मांसाचा नाही

हिवाळ्यात मी उत्तर कॅनडातल्या इनुविकला बदली फार्मासिस्ट म्हणून होते. तिथल्या भागात पोटातला एक जंतू बऱ्याच जणांत आढळतो, हे कळल्यावर आमच्या सांगलीच्या घरच्या ग्रुपवर एकच सूर लागला: "कच्चं मांस खाणारी माणसं, पोटं बिघडणारच!" खरं सांगते, चीड आली.

इनुविकच्या पश्चिमेला, मॅकेन्झी नदीच्या त्रिभुज प्रदेशात अक्लाविक आहे. इनुविआलुइट आणि ग्विचिन या मूलनिवासी लोकांचं, पाच-सहाशे वस्तीचं गाव. पुराला कंटाळून कॅनडा सरकारनं 1950च्या दशकात गाव हलवण्यासाठी इनुविक वसवलं, तरी बरेच जण हललेच नाहीत. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या जातात, एरवी होडी नाहीतर छोटं विमान.

या गावानं जठराच्या कॅन्सरची धास्ती घेतली आणि तपासणी करा म्हणून स्वतःच आग्रह धरला. अल्बर्टा विद्यापीठाच्या कॅरेन गुडमन यांच्या गटानं काम हाती घेतलं. फेब्रुवारी 2008 मध्ये डॉक्टर एंडोस्कोपीची, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर बघण्याची, यंत्रं घेऊन गावात आले आणि सुमारे 200 जणांची तपासणी तिथेच झाली. एरवी त्यासाठी विमानानं बाहेर जावं लागतं. श्वासाच्या चाचणीत निम्म्याहून जास्त लोकांमध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरात राहणारा जंतू निघाला. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये स्वतः पिऊन पाहिला, तोच हा जंतू. त्याच्यामुळे जठराला सूज येते, अल्सर होतो, क्वचित कॅन्सरही.

हा जंतू बहुधा लहानपणी घरातल्याच माणसांकडून येतो. दाटीवाटीच्या घरात त्याचं फावतं, आणि उत्तरेत घरांची टंचाई जुनीच आहे. कॅरिबू, म्हणजे तिकडचं हरीण, कच्चं खाल्लं काय, न खाल्लं काय! भारतातही निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो असतो. बाबा जन्मभर "पित्त उठलंय" म्हणत सोडा पीत आले, त्यांना कोणी कच्च्या मांसावरून बोललं नाही. मात्र आपल्याकडे या जंतूच्या मानानं जठराचा कॅन्सर कमी दिसतो. का, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

दुकानात एक आजी चार औषधांची चिठ्ठी घेऊन आल्या: बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि ॲसिड कमी करणारी गोळी. हा कोर्स धडधाकट माणसालाही वैताग आणतो. दिवसातून चारदा मूठभर गोळ्या, तोंडाला धातूची चव, दारू बंद, टेट्रासायक्लिनच्या आगेमागे दूध नाही. शौचाला काळं होईल, घाबरू नका, असं मी सांगितल्यावर आजी खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "घरात नातवंडं धरून आम्ही आठ जण. माझ्यातला मेला आणि त्यांच्यातला राहिला तर?"

प्रश्न अगदी नेमका होता. उपचारानंतर जंतू पुन्हा शिरण्याचं प्रमाण अलास्काच्या मूलनिवासींमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळलं आहे. त्यात काही जंतू ठरावीक अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. एकट्या आजींना गोळ्या देऊन घराचा प्रश्न सुटत नाही, पण माझ्या हातात एकाच नावाची चिठ्ठी होती. घरच्यांच्या तपासणीचं डॉक्टरांना जरूर विचारा, असं त्यांना सांगितलं. त्यांना शिकारीच्या तळावर जायचं होतं, तिथे कोण घड्याळ बघतो? म्हणून वेळा जेवणांना आणि झोपेला जोडून मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या.