आत्याची डिस्क, नोंद पाचवी: ३१ जीबीचे खोटे बॅड सेक्टर

आत्याच्या फोटोंची डिस्क मरायला टेकलीय, ती पूर्ण मरण्याआधी तिच्यावरचं सगळं उतरवून घेतोय. आज पहाटे मॅप फाइल (डिस्कचा कुठला भाग वाचला आणि कुठला नाही याची नोंद) चित्ररूपात उघडली आणि न वाचता आलेल्या जागेचा तो जाड लाल पट्टा गायब! आत्याच्या ५०० जीबीच्या डिस्कवरचं आता फक्त ४० एमबी वाचायचं उरलंय. मागच्या नोंदीत हाच आकडा ३१ जीबी होता आणि मी जवळजवळ आशा सोडली होती. तो आकडाच खोटा होता. कसा, ते सविस्तर सांगतो. माझे नऊ दिवस यात गेले, निदान तुमचे तरी वाचावेत.

मांडणी तीच होती. व्हेंटॉयच्या (पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायची सोय) पेनड्राइव्हवर सिस्टिमरेस्क्यू ही दुरुस्तीसाठीची लिनक्स, डिस्क यूएसबी अडॅप्टरला लावलेली, आणि खराब डिस्कची प्रत काढणारा डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम. पहिल्या फेरीत खरवडणं (अवघड जागा एकेक सेक्टर करून वाचणं; सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा तुकडा) बंद ठेवून सोपं ते सगळं उचललं आणि दुसऱ्या फेरीत अवघड जागांवर आलो. रात्री चालू ठेवून झोपलो, सकाळी पाहतो तर ३१ जीबी बॅड. मग तीन-तीनदा प्रयत्न, उलट्या दिशेने वाचन, डिस्क थंड ठेवणं, सगळं झालं. एक बाइटही पुढे सरकेना.

शेवटी आकडेवारी सोडून नकाशाकडे नीट बघत बसलो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खऱ्या खराब जागा शिंतोड्यांसारख्या पसरलेल्या असतात: इथे चार सेक्टर, तिथे दहा, मध्ये चांगले पट्टे. माझा लाल पट्टा मात्र पट्टीने आखल्यासारखा सलग, आत एकही हिरवा ठिपका नाही. पृष्ठभाग असा खराब होत नाही. म्हणजे त्या क्षणी वाचणंच बंद पडलं होतं.

झालं असं होतं. डिस्क एखाद्या खराब सेक्टरवर अडून बसते, लिनक्स साधारण ३० सेकंद वाट बघतं आणि मग जोडणी रीसेट करतं. त्या रीसेटमध्ये माझा अडॅप्टर लटकला. डिस्क यादीत दिसत राहिली, पण वाचायला जावं तिथून नुसती चूक परत येत होती. डीडीरेस्क्यूने प्रामाणिकपणे त्या सगळ्या सेक्टरांवर ‘बॅड’चा शिक्का मारला. अडॅप्टर चांगल्या डिस्कची नक्कल करायला ठीक आहे, मरणाऱ्या डिस्कला तो लावू नये, असं माझं आता पक्कं मत झालंय. जुना डेस्कटॉप उघडून डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला लावली.

त्याआधी मॅप फाइलची प्रत काढली. हे दर फेरीआधी कराच, फाइल काही केबींचीच असते. मग रीट्रिम आणि ट्राय-अगेन हे दोन पर्याय देऊन ते लाल पट्टे पुन्हा ‘न वाचलेले’ म्हणून मांडले आणि फेरी सुरू केली. पाऊण तासात ३१ जीबीतला बहुतेक भाग सरसर उतरला! स्क्रीनवरून नजर हटत नव्हती. उरलेल्या शिंतोड्यांसाठी पुढे दोन रात्री लागल्या.

या वेळी ‘व्हेरिफाय-ऑन-एरर’ हा पर्यायही लावला. चूक आली की तो शेवटचा चांगला वाचलेला सेक्टर पुन्हा वाचून बघतो, आणि तोही वाचता आला नाही तर थांबतो. हा मला पहिल्या दिवशी माहीत असता तर! दोनदा खरंच थांबला, वीज बंद-चालू करून पुढे गेलो.

नव्याने येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. डेबियन आणि उबुंटूमध्ये पॅकेजचं नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आहे. मध्ये अंडरस्कोर असलेला डीडी_रेस्क्यू हा वेगळाच प्रोग्राम. आणि डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी-५ या ओळीतला (वाचता न आलेल्या, संशयित सेक्टरांचा) आकडा सुरुवातीला सोळाच्या पद्धतीत (हेक्साडेसिमल) दिसतो. मेनूतून दहाच्या पद्धतीत करून घ्या, उगाच घाबरायला किंवा निर्धास्त व्हायला नको. तो आकडा वाढतोय असं दिसलं की डिस्क विंडोजमध्ये उघडूही नका, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) तर अजिबात नको. आधी इमेज (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत), बाकी सगळं नंतर.

आता पुढचं. इमेजवर फाइली शोधून काढणारं फोटोरेक चालवायचं ठरवलं होतं, पण त्याच्याच जोडीच्या टेस्टडिस्कने इमेजमधलं एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) सरळ उघडून दाखवलं, फोल्डर आणि फाइलींच्या मूळ नावांसकट. फोटोरेक फाइलींच्या खुणा ओळखून काम करतं, त्यात नावं जातात आणि हजारो फोटो क्रमांकांच्या फोल्डरांत येऊन पडतात. आत्याने बारा वर्षं हाताने नावं दिलेली आहेत, ती वाचणं मला फार मोलाचं वाटतं. फोटोरेक आता फक्त पुसल्या गेलेल्या फाइलींसाठी.

राहिला प्रश्न त्या ४० एमबीचा. ते नेमके कुठल्या फोटोंत आहेत? एकेक उघडून बघणं शक्य नाही. इथे डीडीरेस्क्यूचा फिल-मोड (ठरावीक जागा हव्या त्या मजकुराने भरायची सोय) कामाला आला. इमेज आणि मॅप फाइल दोन्हींच्या प्रती घेतल्या, त्या प्रतीतल्या सगळ्या बॅड जागांवर एक ठरावीक शब्द भरला आणि मग मजकूर शोधणाऱ्या ग्रेप या आज्ञेने तो शब्द असलेल्या फाइली शोधल्या. १८ हजारांवर फोटोंपैकी १३७ निघाले. यादी हातात आल्यावर केवढं हलकं वाटलं! बाकीचे डोळे मिटून बॅकअपमध्ये टाकता येतील.

त्या १३७ वर ‘खराब’ असं लिहून सोडून देणार होतो. पण हे लिहिता लिहिता सुचलं: जेपेगच्या सुरुवातीलाच, एक्झिफमध्ये (कॅमेऱ्याने फोटोत ठेवलेली माहिती), बहुतेक कॅमेरे एक छोटं चित्र ठेवतात, आणि काही तर त्याहून मोठं प्रिव्ह्यूही. मार फाइलच्या मधल्या भागाला बसला असेल तर ते छोटं चित्र शाबूत असणार. लगेच ही माहिती वाचणारं एक्झिफटूल एका फोटोवर चालवून पाहिलं. मूळ फोटो खालच्या अर्ध्यात करडा, पण १६० बाय १२० चं चित्र पूर्ण आलं. ओसरीवर बसलेली आजी, मांडीवर मांजर.

आता १३७ फाइलींची यादी एक्झिफटूलला देतोय. आधी मोठं प्रिव्ह्यू, ते नसेल तर छोटं चित्र, आणि नाव मूळचंच, शेवटी ‘लहान’ जोडून. डिस्क आज बाहेर काढणार होतो, पण इमेजची दुसरी प्रत तयार होईपर्यंत ती बंद करून तशीच ठेवतोय.